बिअरच्या कारखान्यातला ‘स्टुडंट’

संख्याशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक शेवटून उघडले की बारीक आकड्यांची कोष्टके लागतात. त्यातले एक कोष्टक हमखास सापडते. डावीकडे १, २, ३ असे उतरत जाणारे आकडे, वरच्या ओळीत ०.०५, ०.०१ अशा संभाव्यता आणि मथळ्यात ‘स्टुडंट्स टी’. नवीन गोळीने रक्तदाब खरोखरच उतरला की तो योगायोग होता, एका खताने पीक वाढले की ते शेतच मुळात सुपीक होते, अशा प्रश्नांचा निकाल लावताना गेली शंभर वर्षे जगभरचे संशोधक या कोष्टकाकडे वळत आले आहेत. आता काम संगणक करतो, पण आत गणित तेच असते. फार्मसीच्या किंवा बी.एस्सी.च्या वर्गात अनेकांना वाटते की विद्यार्थ्यांसाठी सोपे करून दिलेले कोष्टक म्हणून त्याला ‘स्टुडंट’चे नाव पडले असावे. प्रत्यक्षात ते एका माणसाचे टोपणनाव आहे. तो माणूस प्राध्यापक नव्हता, डॉक्टरही नव्हता. डब्लिनच्या गिनेस कंपनीत तो बिअर बनवण्याच्या कामावर होता.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरी इथे झाला. वडील लष्कराच्या इंजिनीअर दलात कर्नल होते. थोरल्या मुलानेही तिथेच जावे हे जवळजवळ ठरलेले होते, पण नजर अधू निघाली आणि तो रस्ता बंद झाला. विंचेस्टरच्या शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून गॉसेट ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले. तिथे १८९७ मध्ये गणिताच्या परीक्षेत आणि १८९९ मध्ये रसायनशास्त्रात त्यांनी पहिला वर्ग मिळवला. गणित त्यांना बऱ्यापैकी येत होते, पण ते पट्टीचे गणिती नव्हते आणि पुढेही कधी झाले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या नावावरचा शोध सूत्रांच्या बळावर कमी आणि प्रश्न नेमका ओळखल्यामुळे जास्त लागला.

१८९९ च्या ऑक्टोबरात ते डब्लिनला गिनेस कंपनीत रुजू झाले. ही कंपनी तेव्हा जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी होती. पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर आणि नाकावर चाललेला धंदा शास्त्राच्या पायावर उभा करायचा, असे मालकांनी ठरवले होते. त्यासाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून विज्ञानाचे हुशार पदवीधर आणून त्यांना ब्रुअर म्हणून नेमले जाई. प्रयोगशाळा होती, आकडे लिहून ठेवलेल्या वह्या होत्या. आकड्यांचे करायचे काय, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

अडचण अशी होती. बार्लीचा प्रत्येक पोत वेगळा, हॉप्सची प्रत्येक खेप वेगळी. चार वाफ्यांत एका जातीची बार्ली दुसरीपेक्षा जास्त उतरली. मग पुढच्या वर्षी हजारो एकरांसाठी तेच बियाणे शेतकऱ्यांना सांगायचे का? चाराऐवजी चारशे वाफे लावून बघणे शक्य नव्हते. प्रत्येक प्रयोगाला जमीन, वर्ष आणि पैसा लागत होता. आणि त्या काळचे संख्याशास्त्र तर मोठ्या संख्येवरच उभे होते. हजार-दोन हजार मोजमापे असली की सरासरी किती विश्वासार्ह आहे ते घंटेच्या आकाराच्या वक्रावरून सांगता येई. मोजमापे चारच असतील तर काय करायचे, याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

घरातल्या उदाहरणावरून हे सहज समजेल. एखाद्याने सलग चार दिवस रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा १३६, १३८, १३७, १३७ आला. आकडे इतके जवळ जवळ आहेत की त्याचा रक्तदाब फारसा हलत नाही असे वाटेल. पण चारच दिवस मोजला ना! ते चार दिवस योगायोगाने सारखे गेले असतील आणि पाचव्या दिवशी १५० निघेल. म्हणजे थोड्या मोजमापांत सरासरी तर डळमळीत असतेच, पण ती किती डळमळीत आहे हे ज्यावरून ठरवायचे, ते आकड्यांमधले चढउतारही आपण थोड्याच मोजमापांवरून काढलेले असतात. मापायची पट्टीच रबराची असल्यासारखे हे आहे. मोठ्या संख्येचे सूत्र इथे वापरले तर आपल्याला नको इतकी खात्री वाटू लागते.

१९०४ मध्ये गॉसेट यांनी कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. चुकांच्या गणिताचा ब्रुअरीच्या कामात उपयोग कसा करता येईल, हा त्याचा विषय होता. माल्टची तपासणी दोनदा केली तर अंदाज ठरावीक मर्यादेत असण्याची पैज चारास एक बसते, चारदा केली तर बारास एक, असा हिशेब त्यांनी मांडला. शंभर टक्के खात्री कधीच मिळत नाही, तेव्हा किती खात्री विकत घ्यायची आणि तिच्यासाठी किती खर्च करायचा, हे धंद्याने ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. या एका विचारापासून ते आयुष्यभर हलले नाहीत. अहवालात त्यांनी असेही सुचवले की गणितातल्या जाणकाराला गाठायला हवे.

तो जाणकार म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे कार्ल पिअर्सन. त्या काळी संख्याशास्त्रात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १९०५ च्या जुलैत पिअर्सन सुट्टीसाठी बर्कशरमधल्या एका खेड्यात राहिले होते. गॉसेटही सुट्टीवर इंग्लंडात होते. ते सुमारे वीस मैल सायकल मारत तिथे पोचले आणि शंकांची यादी पुढे ठेवली. एका बैठकीत पिअर्सन यांनी त्यांना तोपर्यंत ज्ञात असलेल्या पद्धती समजावल्या. पुढच्या वर्षी, लग्नानंतर काही महिन्यांनी, कंपनीने गॉसेट यांना पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकायला वर्षभराची रजा दिली. पत्नी मार्जरी या इंग्लंडच्या महिला हॉकी संघाच्या कर्णधार राहिलेल्या होत्या.

लंडनच्या त्या वर्षात दोन कामे झाली. पहिले यीस्टच्या पेशी मोजण्याचे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजायला बारीक चौकोन आखलेली काच वापरतात, तशाच काचेवर ब्रुअरीत यीस्ट मोजत. ४०० चौकोनांतल्या पेशी मोजून गॉसेट यांनी दाखवले की द्रव कितीही नीट ढवळला तरी चौकोनाचौकोनात फरक राहणारच, आणि त्या फरकाला एक नियम असतो. आज रक्ताच्या दोन तपासण्यांमध्ये पेशींचा आकडा थोडा मागेपुढे आला तर जाणता डॉक्टर घाबरत नाही, त्यामागचा एक धागा इथवर येतो.

दुसरे काम त्या रबरी पट्टीचे. सूत्र काय असावे याचा अंदाज गॉसेट यांनी गणिताने केला, पण त्यातल्या काही पायऱ्या त्यांना पक्क्या सिद्ध करता आल्या नाहीत. म्हणून त्यांनी प्रयोग केला. स्कॉटलंड यार्डकडे नोंदलेल्या ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी छापील स्वरूपात उपलब्ध होती. एकेका गुन्हेगाराचे माप एकेका पुठ्ठ्यावर लिहून, पत्ते पिसतात तसे पुठ्ठे पिसून, त्यांचे चार-चारांचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी आणि चढउतार काढून, चार माणसांवरून तीन हजारांचा अंदाज किती चुकतो हे त्यांनी पाहिले. आज संगणकाला सेकंदही लागणार नाही असे हे काम हाताने केलेले होते. अंदाजाने काढलेला वक्र आणि पुठ्ठ्यांतून निघालेला वक्र चांगले जुळले. नवा वक्र नेहमीच्या घंटेपेक्षा दोन्ही टोकांना जाड होता. याचा अर्थ, मोजमापे थोडी असताना निव्वळ योगायोगाने मोठे फरक दिसण्याची शक्यता जुन्या सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त असते.

१९०८ च्या मार्चमध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात लेख आला. लेखक होता ‘स्टुडंट’. कर्मचाऱ्यांनी काही प्रसिद्ध करू नये असा गिनेसचा नियम होता. कंपनीत काय चालते हे प्रतिस्पर्ध्यांना कळू द्यायचे नव्हते. परवानगी मिळाली ती खरे नाव न देण्याच्या आणि बिअरचा उल्लेख टाळण्याच्या अटीवर. पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनीही अशीच टोपणनावे घेतली. त्यामुळे लेखात बिअर नव्हती. उदाहरण म्हणून होती झोपेची औषधे, आणि संख्याशास्त्राच्या इतिहासात ते उदाहरण अजरामर झाले.

अमेरिकेत मिशिगनमधल्या एका मनोरुग्णालयात दहा रुग्णांना वेगवेगळ्या रात्री दोन औषधे देऊन झोप मोजली होती. कुशनी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेले ते आकडे गॉसेट यांनी घेतले. पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास, म्हणजे पाऊण तास वाढली. दुसऱ्याने २.३३ तास. पाहिले तर वाटते, दोन्ही औषधे गुणकारी आहेत. पण पहिल्या औषधाच्या दहा आकड्यांत डोकावले की चित्र बदलते. एकाची झोप ३.७ तासांनी वाढली, तर दुसऱ्याची १.६ तासांनी कमी झाली. दहापैकी चौघांची घटलीच. इतक्या चढउतारातून आलेला पाऊण तास औषधाचा की नशिबाचा? गॉसेट यांच्या हिशेबाने पैज जेमतेम आठास एक.

मग त्यांनी दोन औषधांची तुलना केली, आणि खरी हुशारी इथे आहे. माणसामाणसातला फरक बाजूला काढण्यासाठी त्यांनी प्रत्येक रुग्णाची त्याच्या स्वतःशीच तुलना केली. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. फरकाची सरासरी १.५८ तास. आता या सरासरीला तिच्या स्वतःच्या अनिश्चिततेने भागायचे. ती अनिश्चितता इथे ०.३९ तास येते, म्हणून भागाकार सुमारे ४.०६. हाच तो ‘टी’. माणसे दहा, म्हणून आजच्या कोष्टकात ९ ची ओळ पाहायची. तिथे ०.०५ खाली २.२६ आहे आणि ०.०१ खाली ३.२५. आपला ४.०६ दोन्हींच्या पुढे. म्हणजे औषधांत खरोखर काही फरक नसता, तर दहा माणसांत निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात तीनपेक्षाही कमी आहे. पहिल्या औषधाचा ‘टी’ मात्र १.३३ भरतो, २.२६ च्या बराच अलीकडे. गॉसेट यांनी ही भाषा वापरली नव्हती. दुसरे औषध सरस असण्याची पैज ६६६ ला एक, असे त्यांनी सरळ लिहिले. आजचे काटेकोर संख्याशास्त्रज्ञ असे म्हणायला कचरतील, कारण फरक नसता तर असे किती वेळा दिसले असते हे सांगणे वेगळे आणि फरक असण्याची पैज लावणे वेगळे. हा घोटाळा अजूनही शोधनिबंधांत आणि बातम्यांत रोज होतो.

या प्रसिद्ध उदाहरणात एक चूकही राहून गेली. रकान्यांवर औषधांची नावे बरोबर नव्हती. ती चूक पुढे पाठ्यपुस्तकांतही उतरली आणि लक्षात यायला बरीच वर्षे लागली. आकडेमोड बिनचूक, पण औषध भलतेच!

लेख प्रसिद्ध झाला आणि काहीच घडले नाही. मोठ्या संख्येची सवय असलेल्यांना चार-दहा मोजमापांचे गणित हा बिअरवाल्यांचा उद्योग वाटला. खुद्द पिअर्सनही थट्टेने तसे म्हणत. गॉसेट मात्र आपले कोष्टक ब्रुअरीत वापरत राहिले, १९१७ मध्ये त्यांनी ते आणखी वाढवून छापले. त्याआधी, १९१२ मध्ये, केंब्रिजमधल्या रोनाल्ड फिशर नावाच्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याचे पत्र आले होते. गॉसेट यांना जे नीट सिद्ध करता आले नव्हते ते या पोराने भूमितीच्या एका विलक्षण युक्तीने सिद्ध केले होते. गॉसेट यांना ते कळले नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. कागद पिअर्सन यांच्याकडे पाठवून, हे आपल्या आवाक्याबाहेर आहे, तुम्ही बघा, असे त्यांनी कळवले. पिअर्सन यांनाही त्यात विशेष वाटले नाही.

दहा वर्षांनी, १९२२ मध्ये, गॉसेट यांनी फिशर यांना आपल्या कोष्टकांची एक प्रत पाठवली आणि सोबत लिहिले की ही कोष्टके वापरण्याची शक्यता असलेले जगात तुम्ही एकटेच आहात. फिशर तोवर रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागले होते. दोघांची पत्रे सुरू झाली. जुने सूत्र थोडे बदलून ‘टी’ हे नवे रूप ठरले, गॉसेट यांनी कोष्टके पुन्हा नव्याने मोजली आणि १९२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फिशर यांचे संशोधकांसाठीचे पुस्तक आले, त्यात झोपेच्या औषधांचे तेच उदाहरण होते. फिशर यांनी कोष्टकाची मांडणी उलटी केली. गॉसेट यांच्या कोष्टकात आपल्या आकड्यासाठी नेमकी संभाव्यता शोधावी लागे. फिशर यांनी ०.०५, ०.०१ अशा ठरावीक संभाव्यता वर घेतल्या आणि खाली त्यासाठी लागणारा ‘टी’ दिला. वापरायला हे फार सोपे. एक ओळ बघा, आपला आकडा मोठा असेल तर निकाल लक्षणीय, लहान असेल तर नाही. जगाने हेच उचलले. विसात एक ही सोयीसाठी घेतलेली रेघ काही दशकांत जणू निसर्गनियम होऊन बसली.

गॉसेट यांना या रेघेत रस नव्हता. ब्रुअरीत कोणी त्यांना निकाल लक्षणीय आहे का असे विचारत नसे. बियाणे बदलावे का असे विचारत. चुकलो तर किती नुकसान आणि बरोबर ठरलो तर किती फायदा, यावर किती खात्री हवी ते अवलंबून, असे ते म्हणत. शिवाय एका ठिकाणच्या एका प्रयोगावर त्यांचा विश्वास नसे. आयर्लंडमध्ये बार्लीच्या जातींची चाचणी त्यांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वर्षानुवर्षे करून घेतली. कोष्टक फक्त योगायोगाबद्दल बोलते. प्रयोगच वाकडा असेल तर त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. हे त्यांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते मुलांच्या दुधाच्या बाबतीत.

१९३० च्या फेब्रुवारी ते जून या काळात स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर परगण्यात एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, २०,००० मुले. त्यांपैकी १०,००० मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे सुमारे ४२५ मिलिलिटर दूध द्यायचे. त्यात निम्म्यांना कच्चे, निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्या १०,००० मुलांना काही नाही. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांची उंची आणि वजन. खर्च सुमारे साडेसात हजार पौंड. दुधाने मुले जास्त वाढली, असा निष्कर्ष निघाला. मंदीचे दिवस होते, गरीब वस्त्यांतल्या मुलांचे कुपोषण हा राजकारणाचा विषय होता आणि शाळेत दूध द्यावे का, कच्चे द्यावे की तापवून, यावर धोरण ठरणार होते. वीस हजारांचा आकडा पाहिल्यावर शंका कोण घेणार?

१९३१ मध्ये ‘स्टुडंट’ने घेतली. मुले निवडली कशी, हे त्यांनी वाचले. काही शाळांत चिठ्ठ्या टाकून, काहींत नावांच्या आद्याक्षरावरून. पण मुभा ठेवली होती की एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा किडकिडीत मुले फार झाली वाटली तर शिक्षकांनी अदलाबदल करावी. आता शिक्षकही माणूसच. समोर एक मूल धडधाकट आणि एक भुकेलेले असेल तर दूध कोणाला जाईल? आकडेही तेच सांगत होते. दूध सुरू होण्याआधीच, दूध न मिळणारी मुले दुसऱ्यांपेक्षा वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. कळवळ्याने तराजू एका बाजूला झुकवला होता.

दुसरा मुद्दा आणखी घरगुती होता. मुलांना कपड्यांसकट तोलले होते, पहिल्यांदा ऐन थंडीत आणि मग जूनमध्ये. बऱ्या घरच्या मुलांच्या अंगावर फेब्रुवारीत जाड कपडे होते, उन्हाळ्यात ते गेले. गरिबांच्या मुलांकडे हिवाळ्याचे वेगळे कपडे असतीलच असे नव्हते. म्हणजे दूध न मिळालेल्या गटाच्या वजनातून लोकरीचे वजन वजा झाले आणि दूध मिळालेल्यांच्या वजनातून तेवढे झाले नाही. दुधाचा म्हणून दिसणारा फरक काही अंशी कोटाचा असू शकत होता. दूध निरुपयोगी आहे असे गॉसेट म्हणाले नाहीत. या प्रयोगातून ते कळत नाही, एवढेच ते म्हणाले. आणि कच्चे व पाश्चराइज्ड दूध एकाच शाळेत दिलेलेच नसल्याने त्या तुलनेचा पायाही कच्चा होता.

त्यांनी सुचवलेला पर्याय वाचून झोपेच्या औषधांची आठवण होते. एकसारख्या जुळ्यांच्या फक्त ५० जोड्या घ्या. नाणे उडवून जोडीतल्या एकाला दूध द्या, दुसऱ्याला नको. घर तेच, आईबाप तेच, जेवण तेच. खर्चाच्या एक-दोन टक्क्यांत वीस हजारांपेक्षा जास्त भरवशाचे उत्तर मिळेल. दहा रुग्णांचे गणित मांडणाऱ्या माणसालाच हे सांगता येत होते.

गंमत म्हणजे, मुलांच्या बाबतीत नाण्याची बाजू घेणारे गॉसेट शेताच्या बाबतीत मात्र नाण्याच्या विरोधात होते, आणि त्यावरून फिशर यांच्याशी त्यांचे अखेरच्या दोन वर्षांत चांगलेच वाजले. फिशर यांचे म्हणणे, कोणत्या वाफ्यात कोणती जात लावायची हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवा, नाहीतर ‘टी’च्या कोष्टकाला अर्थ राहत नाही. गॉसेट यांचे म्हणणे, शेताचा एक कोपरा सुपीक आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असताना चिठ्ठीने सगळी चांगली जमीन एकाच जातीच्या वाट्याला जाऊ देणे हा शहाणपणा नव्हे; दोन्ही जाती आळीपाळीने समतोल लावा. औषधांच्या चाचण्यांमध्ये पुढे फिशर यांचीच वाट रूढ झाली आणि ते योग्यच झाले. रुग्णाला कोणत्या गटात घालायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवले की काय होते ते लॅनार्कशरने दाखवलेच होते. पण गॉसेट यांचा मुद्दाही वाया गेला नाही. वय, लिंग, आजाराची तीव्रता पाहून आधी सारखे गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकायच्या, ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत दोघांना एकत्र बसवते.

या वादातही मैत्री तुटली नाही, हे त्या काळी आश्चर्यच होते. पिअर्सन आणि फिशर यांचे हाडवैर जगजाहीर होते. एकाचे नाव दुसऱ्यासमोर काढायची सोय नव्हती. दोघांशीही शेवटपर्यंत स्नेह राखणारा माणूस बहुधा एकटा गॉसेट. पिअर्सन यांचा मुलगा इगॉन यालाही त्यांनी १९२६ मध्ये पत्रातून एक महत्त्वाची दिशा दिली: योगायोगाचे स्पष्टीकरण नाकारण्याआधी, त्यापेक्षा बरे दुसरे स्पष्टीकरण हाताशी आहे का तेही पाहायला हवे. इगॉन पिअर्सन आणि नेमन यांचा पुढचा सगळा सिद्धांत त्या बीजातून वाढला.

एवढे सगळे नोकरी सांभाळून चालले होते. आकडेमोड बऱ्याचदा जुन्या पाकिटांच्या पाठीवर. उरलेल्या वेळात बागेत फळझाडे, सुतारकाम, मासेमारी. मासे पकडण्यासाठी त्यांनी दोन्ही टोकांना सुकाणू असलेली एक होडी स्वतः बांधली होती. १९३४ मध्ये त्यांची मोटार दिव्याच्या खांबावर आदळली, मांडीचे हाड मोडले आणि तीन महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. त्यांनी तो वेळ संख्याशास्त्राला दिला. १९३५ मध्ये लंडनजवळ पार्क रॉयल इथे गिनेसची नवी ब्रुअरी उभी राहत होती, तिची जबाबदारी घेऊन ते डब्लिन सोडून गेले. १९३७ मध्ये ते कंपनीचे मुख्य ब्रुअर झाले आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला हृदयविकाराने गेले. वय ६१. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली.

पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, फिशर आणि येट्स यांनी जीवशास्त्र, शेती आणि वैद्यकासाठी कोष्टकांचे पुस्तक काढले आणि ‘स्टुडंट’चे कोष्टक जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले. दोन गटांमधले चढउतार सारखे नसतील तर सरासऱ्यांची तुलना कशी करायची, हा गॉसेट यांच्या पद्धतीत न सुटणारा प्रश्न होता. त्यासाठीची कोष्टके सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनला गेलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी काढली. १९३८ मध्ये ती ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात आली आणि नंतर फिशर-येट्स यांच्या पुस्तकातही समाविष्ट झाली. सुखात्मे पुढे पोषणाच्या प्रश्नाकडे वळले आणि कुपोषित कोणाला म्हणायचे यावरून त्यांनी मोठा वाद घातला.

त्याच वर्षी ‘बायोमेट्रिका’त शेतातल्या वाफ्यांच्या मांडणीवर एक लेख प्रसिद्ध झाला. मृत्यूपूर्वी गॉसेट त्यावरच काम करत होते. लेखकाच्या जागी, तीस वर्षांपूर्वीसारखेच, ‘स्टुडंट’ एवढेच छापले होते.